गावपळणीतला विस्तव

तुळसाला आग पेटवता येत नाही, हे सत्तावन्न सालच्या गावपळणीत तिचं तिलाच पहिल्यांदा कळलं, आणि तेही अख्ख्या गावासमोर.

आता कुणी म्हणेल, चाळिशीला टेकलेली, अठरा वर्षं चूल फुंकलेली बाई, तिला आग पेटवता येत नाही म्हणजे काय? पण त्यात खोटं काही नव्हतं. ती कुरळवण्यात लग्न होऊन आली त्याच संध्याकाळी सासूने, राधाबाईने, तिला चुलीपुढे बसवलं होतं आणि चिमट्याने राख बाजूला सारून दाखवली होती. खाली लालबुंद विस्तव होता. "हो इस्तव माझ्या सासूचो," राधाबाई म्हणाली होती. "हेका इझवा नको." झालं. त्या दिवसापासून तुळसा रोज जेवणं झाली की निखारे कोपऱ्यात लोटायची, त्यांवर नारळाच्या सालीचं एक जाड सोडण ठेवायची आणि वरून राख ओढायची. सकाळी राख सारली की विस्तव हजर. चार काटक्या ठेवून फुंकर मारली की चूल पेटली. काडेपेटी घरात होती ती देवाच्या दिव्यापुरती. नवरा दत्ताराम मुंबईला गिरणीत, वर्षातून एकदा मे महिन्यात यायचा. "घोव गावना नाय, पण इस्तव रोज सकाळी गावता," असं ती एकदा शेजारच्या शेवंतीला म्हणाली होती आणि मग जीभ चावली होती.

कुरळवणं मालवणकडच्या आचऱ्याहून तासाभराच्या वाटेवर. आचऱ्यासारखीच इथेही दर तीन-चार वर्षांनी गावपळण असायची. म्हणजे देवाने कौल दिला की सगळा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं आणि खाटेवरची म्हातारी घेऊन वेशीबाहेर जायचा, व्हाळापलीकडच्या कातळसड्यावर, उघड्या खडकाळ माळावर, माडाच्या झापांच्या खोपी घालायचा आणि तीन रात्री तिथेच राहायचा. तेवढे दिवस गाव देवाचा. तिथे माणसाचा वास नको आणि चुलीचा धूर नको, असा नेम. निघताना प्रत्येक चुलीत पाणी ओतायचं. सड्यावर गेल्यावर ज्याने त्याने आपला नवा विस्तव पेटवायचा, या तीन दिवसांत तो शेजाऱ्याकडे मागायचा नाही आणि मागितला तरी द्यायचा नाही. गावाचे मानकरी भाई हे सगळं दर गावपळणीला, निघायच्या आदल्या दिवशी, वडाखाली उभं राहून खणखणीत आवाजात सांगायचे. पुरुष माना डोलवायचे. बायका सामानाची बांधाबांध करता करता ऐकायच्या.

मागच्या चारही गावपळणींना तुळसाला हे काही करावं लागलं नव्हतं. तेव्हा राधाबाईचे डोळे शाबूत होते आणि सगळा कारभार तिच्या हातात होता. तुळसाकडे असायच्या त्या शेळ्या. या खेपेला राधाबाईला समोरचा माणूस सावलीसारखा दिसायचा, तेव्हा चूलही तुळसाची आणि शेळीही तुळसाची.

तर त्या संध्याकाळी सूर्य समुद्राकडे कलला होता आणि सड्यावर पन्नास-साठ खोपींपुढे तीन-तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या होत्या. एकेक करून धूर वर जायला लागला. तुळसाने दगड मांडले, लाकडं रचली, वर दोन अख्खी सोडणं ठेवली आणि काडी ओढली. व्हाळाच्या पाण्यातून उतरताना शेळीने हिसका दिल्यामुळे कमरेची काडेपेटी भिजली होती. तीन काड्यांचा नुसता गूळ झाला. चौथी पेटली, ती तिने सोडणाला लावली. सोडण वाटेल तेवढं धुमसलं, पेटलं मात्र नाही. मग तिने माडाचं सुकं चुडत घातलं. ते असं भडकलं की तिच्या भुवया भाजायची वेळ आली, आणि लाकडाकडे बघायच्या आत विझूनही गेलं.

"काय गो, पेटली?" खोपीतून राधाबाईने विचारलं.

"पेटता, पेटता."

"मगे खोकलो कित्याक येता माका?"

शेजारच्या खोपीचा महादू, शेवंतीचा नवरा, बैलाला गवत टाकत होता. त्याला तर आयतीच करमणूक मिळाली. "काय गो वैनी," तो ओरडला, "इतको धूर! देवाक वाटात, आमी हंय डास मारूक इलंव."

आजूबाजूच्या चार खोपींतून हसू फुटलं. तुळसाचा चेहरा लाल झाला, थोडा धुराने आणि बाकी रागाने. राग महादूचा नव्हता. अठरा वर्षं जी गोष्ट आपल्याला येते असं ती धरून चालली होती, ती आपल्याला कधी आलेलीच नव्हती, याचा तो राग होता.

शेवंती आपलं भाताचं आधण ठेवून उठून आली. विस्तव द्यायचा नाही असा नेम होता, अक्कल द्यायची नाही असं भाईंनी कुठे म्हटलं नव्हतं. तिने तुळसाची लाकडं उधळून टाकली.

"सोडण अख्खा घालतत काय गो? काथो सोडव तेचो. हातान पिंज. असो, सुगरणीच्या खोप्यासारखो कर."

तुळसा काथ्या पिंजायला बसली. शेवंतीने व्हाळाकाठच्या उंडीच्या झाडाखालची सुकी फळं ओच्यातून आणली होती. दगडाने फोडून तिने त्यातला तेलकट गर त्या खोप्यात दाबला. मग हिरकुटं मोडली, माडाची वाळलेली पोय उभी चिरली, काजूच्या बारीक फांद्या बाजूला काढून ठेवल्या, आणि जाड लाकूड सगळ्यात शेवटी. वाऱ्याकडे पाठ करून बस म्हणाली. हे करता करता तिचं तोंड चालूच होतं.

"घराकडे कशी पेटवतस तू?"

"घराकडे पेटवूक कित्याक लागता? राख सारलंय काय इस्तव गावता."

"मगे आज सकाळी इझवलंस कशी?"

तुळसाने पिंजलेला काथ्या मांडीवर ठेवला.

तिला आठवेना.

कळशी हातात होती, एवढं आठवत होतं. पण त्या कळशीतलं पाणी चुलीत गेलं, की शेळीच्या डोणीत, की तुळशीला घातलं? तेवढ्यात शेळी दावं तोडून परड्यात गेली होती. राधाबाई आपली वाकळ शोधत हाका मारत होती. कोंबडा टोपलीखालून निसटला होता. आणि या सगळ्यात तुळसा एकदा चुलीपुढे बसली होती, हेही तिला पक्कं आठवत होतं. बसून केलं काय? बोटांना राख लागली होती. पण राख तर रोजच लागायची. हातांना विचारावं तर हात रोजचंच सांगत होते, की निखारे कोपऱ्यात लोटले, सोडण ठेवलं, राख ओढली.

"गो, काडी ओढ मा!" शेवंती म्हणाली.

तुळसाने काडी ओढली आणि खोप्याच्या पोटात धरली. गर चुरचुरला, काथ्याने आग धरली. शेवंतीने सांगितलं तसा तिने तो ओंजळीत उचलून हळूहळू फुंकला, दगडांमध्ये ठेवला, वर हिरकुटं, मग पोय. चूल रीतसर पेटली. महादूने टाळी वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हाताने आग पेटवली याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण त्या ज्वाळेकडे बघून तिचं लक्ष घराकडे गेलं. तिच्या घराच्या चुलीवर माळा होता. माळ्यावर सुकत घातलेली सोडणं होती, चुडतं होती, गेल्या उन्हाळ्यापासूनची. आणि त्यावर गवताचं छप्पर.

जेवताना तिने राधाबाईला विचारलं, "आये, सकाळी चुलीत पाणी कोणी घातला?"

"तू."

"तुमी बघलात?"

"माका खंय दिसता?"

"मगे कशावरना म्हणतास?"

"चूल कोणाची? तुझी. मगे पाणी कोण घालतला? भाई येतलो?"

तुळसाने भांडी उचलली. घटकाभराने, भांडी घासून झाल्यावर, राधाबाई आपणहून म्हणाली, "मीच घातलंय वाटता गो." तुळसाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात म्हातारीने कूस बदलली. "नाय, नाय. ता पाणी मी न्हाणयेच्या चुलीत घातलंय. की ता परवा?" आणि ती झोपी गेली. तुळसा मात्र टक्क जागी.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ती सड्याच्या कडेला गेली. तिथून खाली कुरळवण्याचे माड दिसायचे, देवळाचा कळस दिसायचा आणि नीट पाहिलं तर तिच्या घरामागचा फणसही. माडांवर पांढरं काहीतरी तरंगत होतं. ते धुकं होतं की धूर? ती डोळे फाडफाडून बघत राहिली. धुक्यासारखं दिसावं तर एका जागी दाट वाटायचं, धूर म्हणावं तर हलत नव्हतं. गुरं घेऊन महादू चालला होता, त्याला तिने विचारलं, "भावोजी, ता काय?"

"खंय? ता? धुका."

"धूर नाय ना?"

"गावात धूर खंयचो? गावात इस्तवच नाय, तर धूर काय आकाशातना येतलो?" आणि तो हसत निघून गेला. पुरुषमाणसाचा या बाबतीतला विश्वास मोठा गोड असतो. जी चूल त्याने कधी विझवलेली नाही ती विझलेली आहे, हे त्याला शपथेवर ठाऊक असतं.

तुळसाचं डोकं भणाणून गेलं. घर जळालं तर दत्तारामाला काय सांगायचं? कागदावर कसं लिहायचं? आणि नुसतं घर जळालं तर एक वेळ परवडलं. तिचं घर महादेवाच्या देवळाला लागून, पलीकडे शेवंतीचं, त्यापलीकडे हौसाबाईचं. सगळीच छपरं गवताची. जाऊन बघून यावं तर नेम मोडतो, आणि गावपळणीत गावात पाऊल टाकलं तर वर्षभरात जे काही वाईट होईल ते त्याच पावलामुळे झालं असं गाव म्हणणार. न जावं तर नेम मोडलेला आहेच, कारण देवाच्या गावात तिच्या चुलीतला विस्तव धुमसतो आहे. म्हणजे मोडला असेल तर. विझवला असेल तर काहीच झालेलं नाही. असा तिचा घाणा दिवसभर फिरत होता. तिने आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि राधाबाईने ती न बोलता ओरपली. त्यावरूनच तुळसाला कळलं की म्हातारीही ठिकाणावर नाही.

आणखी एका गोष्टीने ती गोंधळली. सड्याच्या कडेला ती जेव्हा जेव्हा जायची तेव्हा तिथे दुसरी कुणी तरी बाई आधीच उभी असायची. एकदा हौसाबाई होती. एकदा तर भाईंची बायको सावित्री, जी पाण्यालाही फारशी बाहेर पडायची नाही, ती एकटी उभी राहून खाली गावाकडे बघत होती.

"काय ओ, सावित्रीबाय?"

"काय नाय. वारो खावक इलंय," सावित्री म्हणाली आणि लगबगीने निघून गेली. थंडीचे दिवस, वारा हाडात शिरत होता. त्या वाऱ्यात खाण्यासारखं काय होतं ते तुळसाला समजलं नाही.

तिसरा दिवसही असाच गेला. गाव जळालं नाही, एवढं खरं. पण राख किती जाड ओढली होती यावर सगळं होतं, आणि चिंचेचा बुंधा असेल तर तो चार-चार दिवस आतल्या आत धुमसतो, हेही तिला ठाऊक होतं. चुलीत त्या दिवशी चिंच होती की आंबा, हे आठवेना. रात्री दंव इतकं पडलं की वाकळ पिळून काढावी. राधाबाईचा खोकला वाढला. सकाळी कौल मिळाला की गाव परत जाणार होता, त्यावर तुळसाने डोळे लावले होते. एकदा घरी गेलं की काय तो सोक्षमोक्ष.

चौथ्या दिवशी सकाळी सगळा गाव वेशीवरच्या देवाच्या पाषाणापुढे जमला. गुरव सत्यवानाने पाषाणाला आंघोळ घातली आणि ओल्या फुलांच्या पाकळ्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या. उजवी पडली तर चला घरी, डावी पडली तर नाही. भाईंनी गाऱ्हाणं घातलं. पुरुष हात जोडून पुढे, बायका मागे, पोरांच्या तोंडावर हात ठेवून. एरवी पाकळी पडायला वेळ लागायचा. या खेपेला सत्यवान हात मागे घेतो न घेतो तोच डावी पाकळी टपकन खाली आली.

जमावातून एक उसासा गेला. सत्यवानाने पुन्हा पाकळ्या लावल्या. पुन्हा डावीच.

भाई वळले. उंचेपुरे, पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की पोरं आईला बिलगायची. "कोणाकडना तरी चूक झाली आसा," ते म्हणाले. "देव उगाच नाय म्हणणा नाय. कोण गेललो गावात? आताच सांगा. नायतर आजची रात हंयच, उद्याची रात हंयच."

तरणे पोरगे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी तरी कुणाचं नाव घेतलं, त्याने आईची शपथ घेतली. एक म्हणाला कुत्रा गेला असेल. एक म्हणाला कुत्र्याचं देव मनावर घेत नाही. मागे राधाबाई खोकायला लागली आणि तिचा खोकला थांबेना. तुळसाने तिची पाठ चोळली. हाताखाली नुसती हाडं लागली. आणखी एक रात्र या दंवात काढली तर ही म्हातारी घरी चालत जाणार नाही, हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं. चार दिवसांत स्वच्छ कळलेली ती एकच गोष्ट होती.

ती उठली. बायकांतून वाट काढत ती पुढे आली, पुरुषांच्या रांगेपर्यंत.

"भाईनू," ती म्हणाली, "माझ्या चुलीत इस्तव ऱ्हवलो आसात."

"आसात म्हणजे?"

"मी इझवलंय की पुरून ठेवलंय, माका आठवणा नाय."

भाईंच्या मिशा थरथरल्या. "आठवणा नाय? चूल म्हणजे काय अडकित्तो, खंय ठेवलंय ता इसारलंय म्हणूक? सगळो गाव तीन रात्री दंवात बसलो, आणि तू सांगतस आठवणा नाय?"

तुळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटलं. आता काय व्हायचं ते होईल. सगळा गाव तिच्याकडे बघत होता. आता भाई दंड ठोठावणार, माफी मागायला लावणार, काहीतरी करणार.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"माझ्याय चुलीत आसा." ती शेवंती होती. "आणि माका चांगला आठवता. मी पुरूनच इलंय."

महादू गर्रकन वळला. "अगो! काय बोलतस काय?"

"खरा ताच बोलतंय. बोट खाली करा."

महादूने उगारलेलं बोट खाली केलं. तेवढ्यात हौसाबाई काठी टेकत उठली. तिला सत्तरी उलटलेली. "माझ्यातय आसा रे भाई," ती म्हणाली. "माझ्या सासूयन माका सांगल्यान होता. देवाचो नेम देवाक, पण चूल इझवलंस तर उद्या पेज कशार रांदतलंस?" मग तिच्या पलीकडची उठली. मग दोघी एकदम. मग कोण उठतं आहे ते बघण्यासारखं राहिलं नाही, कारण बसलेल्या बायका मोजणं सोपं झालं. त्या तीन-चारच उरल्या होत्या, आणि त्यांतली एक भाईंची सावित्री होती.

पुरुषांचे चेहरे बघण्यासारखे झाले. कुणी बायकोकडे बघत होता, कुणी पाषाणाकडे, कुणी आपल्याच पायांकडे. पन्नास वर्षं जो गाव विस्तवाशिवाय राहतो असं ते अभिमानाने आचऱ्याला, मालवणला, पार मुंबईच्या खोलीवर सांगत आले होते, तो गाव एकेका चुलीत लाल डोळा मिटून नुसता झोपेचं सोंग घेऊन पडलेला होता.

भाईंनी सावकाश मान वळवून सावित्रीकडे पाहिलं. तिने पदर सावरला. उठली नाही.

"आपल्या घरात तरी नाय ना?" भाईंनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"दर गावपळणीक घरात पाय टाकल्याबरोबर चाय मागतास," सावित्री खाली बघत म्हणाली. "ती चाय खंयसून येता?"

भाई पाषाणाच्या कट्ट्यावर बसले. टोपी काढली, बघितली, परत घातली. सत्यवान गुरव ओल्या पाकळ्या तळहातावर घेऊन तसाच उभा होता. "भाईनू, मगे आता देवाक काय सांगूचा?" त्याने विचारलं. आपल्या बायकोकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.

"देवाक काय सांगूचा?" शेवंती म्हणाली. "देवाक ठावकच आसा. तो काय आज इलो गावात?"

भाई उठले, पाषाणासमोर उभे राहिले आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांकडना कळत नकळत... नाय, कळानच... पिढ्यान् पिढ्या जी काय चूक होत इली, ती आज तेंनी तुझ्यापुढे उघडी केली रे म्हाराजा! ती पदरात घे, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांका, पोराटोरांका सुखान घराक जावक दी रे म्हाराजा!"

अशा वेळी "व्हय म्हाराजा" म्हणायचं ते पुरुषांनी, अशी रीत. पण त्या दिवशी पुरुष भांबावलेले होते, त्यांच्या घशातून आवाज निघेपर्यंत मागून बायकांचा आवाज निघाला, पोरं दचकतील असा.

"व्हय म्हाराजा!"

सत्यवानाने पुन्हा पाकळ्या लावल्या. सगळे श्वास धरून उभे. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी हलली, घसरली आणि पडली.

मग जी पळापळ झाली तिला तोड नाही. तुळसाने राधाबाईला महादूच्या गाडीत चढवलं आणि स्वतः धावत सुटली. व्हाळ ओलांडला, माडांतून, देवळावरून, थेट घरी. छप्पर जागेवर होतं. माळा जागेवर होता. ती धापा टाकत चुलीपुढे बसली आणि चिमट्याने राख सारली.

चिमटा चिखलात रुतला.

राखेचा पार गारा झाला होता. खालची लाकडं काळी, भिजलेली, थंड. कळशीभर पाणी नीट मधोमध ओतलेलं होतं, एक ठिणगीही राहू नये असं. चुलीशेजारी कळशी आडवी पडली होती. तुळसा त्या गाऱ्याकडे बघत बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. नेमाप्रमाणे चूल तिने विझवली होती, आणि चोर म्हणून अख्ख्या गावासमोर तीच उभी राहिली होती. आणि राधाबाईच्या सासूचा विस्तव तो गेला, तोही तिच्याच हातून.

दारात गाडी थांबली. राधाबाई चाचपडत आत आली, चुलीजवळ बसली, राखेत बोट घातलं. बराच वेळ ते बोट तिने काढलं नाही. "बरा झाला," ती शेवटी म्हणाली, पण आवाज काही बरं झाल्यासारखा नव्हता. "जा. खंयसून तरी इस्तव घेऊन ये. माका पेज व्हयी."

तुळसा करवंटीत चुलीच्या कडेची थोडी कोरडी राख घेऊन बाहेर पडली. गावात पोचून पाव घटका झाली नसेल, तर घराघरातून धूर वर जायला लागला होता. शेवंतीच्या, हौसाबाईच्या, गुरवाच्या. कुठे काडी ओढल्याचा आवाज नाही, कुठे काथ्या पिंजणं नाही. ती वाट चुकल्यासारखी त्या धुरांमधून चालत गेली आणि समोर आलेल्या उघड्या दाराशी थांबली. ते भाईंचं निघालं.

भाई पडवीत बसले होते. हातात चहाची कपबशी, वाफाळलेली. तुळसाच्या हातातली करवंटी बघून त्यांनी भुवया उंचावल्या.

"इस्तव व्हयो होतो," ती म्हणाली.

"तुझ्या चुलीत आसा ना?"

"नाय. इझलेली गावली. मी पाणी घातलंय होता."

भाईंनी कपबशी खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं, आतल्या चुलीकडे बघितलं, आणि पुन्हा तिच्याकडे. नेम पाळला तिने आणि चूक कबूल केली तीही तिनेच, हा हिशेब त्यांच्या डोक्यात लागत नव्हता, हे तिला दिसत होतं. लागावा कसा? तिच्याही डोक्यात लागला नव्हता.

मग ते उठले. आत जाऊन चिमट्याने स्वतः निखारा काढला आणि तिच्या करवंटीत ठेवला. दारापर्यंत आले. इकडेतिकडे बघितलं.

"तुळसा," ते हळूच म्हणाले, "तुझी तेवडी इझली होती, ह्या कोणाक सांगा नको हां."

"नाय सांगणा," तुळसा म्हणाली, आणि निखाऱ्यावर राख ओढून घरी निघाली.